अंतराळाचा हिशोब करणाऱ्या बाया

आजची गप्पा एका शब्दापासून सुरू करू. तो शब्द म्हणजे कॉम्प्युटर. हा शब्द ऐकला की बँकेतल्या काउंटरमागचं नाहीतर ग्रामपंचायतीच्या कार्यालयातलं यंत्र डोळ्यांसमोर येतं. पण ऐंशी वर्षांपूर्वी अमेरिकेत कॉम्प्युटर हे माणसाचं नाव होतं. कॉम्प्युट करणं म्हणजे हिशोब करणं, आणि तो करणारी ती कॉम्प्युटर. नोकरीच्या कागदावर हुद्दा म्हणून तसंच लिहिलेलं असायचं. विमानांचा आणि पुढे रॉकेटांचा अभ्यास करणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेत या हुद्द्यावर बहुतेक सगळ्या बायकाच होत्या. आणि त्यांतल्या काही जणींना त्यांच्या कातडीच्या रंगामुळे वेगळ्या इमारतीत बसवलं होतं. आज त्या बायांविषयी बोलायचं आहे.

हा विषय का घेतला, ते आधी सांगतो. गटागटांत फिरताना आम्हाला एक वाक्य फार ऐकू येतं, ‘ताई, हिशोबाचं तेवढं आमच्याकडनं होत नाही, पोराकडनं लिहून घेते.’ हेच वाक्य बोलणारी बाई दुधाचे फॅट, डेअरीची कापणी आणि पंधरवड्याचा पगार तोंडी सांगते. म्हणजे हिशोब येतो. वही आणि सही मात्र दुसऱ्याच्या हातात जाते. आजची गोष्ट लांबच्या मुलखातली आहे, पण काम, वही आणि सही यांचीच आहे.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर व्हर्जिनिया नावाचं राज्य आहे. तिथे हॅम्प्टन गावाजवळ लँग्ली नावाची प्रयोगशाळा आहे. विमान कसं उडावं, कसं वेगाने जावं आणि कसं पडू नये, याचा अभ्यास तिथे चालायचा. ज्या सरकारी संस्थेची ती प्रयोगशाळा होती, तिचीच 1958 मध्ये नासा झाली. नासा हे नाव तुम्ही बातम्यांत ऐकलेलं आहेच.

आता, विमानाच्या अभ्यासात हिशोब कुठून आला? लँग्लीत मोठमोठे बोगदे होते, वाऱ्याचे. खरं विमान आकाशात नेऊन दरवेळी जीव धोक्यात घालण्यापेक्षा विमानाचा छोटा नमुना या बोगद्यात पक्का बसवायचा आणि त्याच्यावर जोराचा वारा सोडायचा. विमान वाऱ्यात गेलं काय आणि वारा विमानावर आला काय, परिणाम एकच. नमुन्याच्या पंखाला बारीक बारीक भोकं पाडलेली असत आणि प्रत्येक भोकाला नळी जोडलेली असे. त्या नळ्या काचेच्या उभ्या नळ्यांच्या रांगेपर्यंत यायच्या. वाऱ्याचा दाब जसा बदलेल तसं काचेतलं द्रव वरखाली व्हायचं. दवाखान्यात बीपी मोजायचं जुनं पाऱ्याचं यंत्र आठवा. तसेच पाऱ्याचे खांब रांगेने उभे असल्यासारखं ते दिसायचं.

त्या प्रत्येक खांबाचा आकडा वाचायचा, कागदावर उतरवायचा, त्यावर बेरीज, गुणाकार, भागाकार, वर्गमूळ असं सगळं करायचं आणि शेवटी आलेख काढायचा. पंखाचा आकार जरा बदलला किंवा वाऱ्याचा वेग जरा वाढवला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. आकड्यांचे ढीगच्या ढीग. अभियंते पुरुष होते आणि या ढिगात त्यांचा सगळा दिवस जायचा. म्हणून 1935 मध्ये संस्थेने पाच बायका फक्त हिशोबासाठी घेतल्या. त्या गोऱ्या होत्या. काही वर्षांत अभियंत्यांनीच मान्य केलं की हे काम बायका आपल्यापेक्षा लवकर आणि बिनचूक करतात. संख्या वाढत गेली. दर्जा मात्र ‘दुय्यम’ राहिला. गणिताची तीच पदवी घेऊन मुलगा आला तर अभियंता म्हणून लागे आणि मुलगी आली तर कॉम्प्युटर म्हणून. पगारातही तसाच फरक.

कृष्णवर्णीय बायकांना तर दारच उघडं नव्हतं. काळ्या माणसांच्या वाडवडलांना आफ्रिकेतून गुलाम म्हणून धरून आणलेलं. गुलामी कायद्याने संपून तेव्हा पाऊणशे वर्षं झाली होती, पण दक्षिणेकडच्या राज्यांत सगळंच वेगळं होतं. शाळा वेगळी, बसमधली जागा वेगळी, प्यायच्या पाण्याचा नळ वेगळा, मुतारी वेगळी. आपल्याकडे पाणवठ्यावर काय चालायचं हे ज्यांनी आपल्या आजीकडून ऐकलं आहे, त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

मग दार कसं उघडलं? दुसऱ्या महायुद्धाने, आणि एका कामगार पुढाऱ्याने. फिलिप रँडॉल्फ हे रेल्वेच्या डब्यांत प्रवाशांची सेवा करणाऱ्या काळ्या कामगारांच्या संघटनेचे पुढारी. 1941 मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना बजावलं की युद्धसामग्रीच्या कारखान्यांत काळ्यांना काम मिळालं नाही, तर आम्ही एक लाख माणसं घेऊन राजधानीवर मोर्चा आणू. मोर्चा निघण्याआधीच, त्याच वर्षी जून महिन्यात, रूझवेल्टनी आदेशावर सही केली. युद्धाच्या कामात आणि सरकारी नोकरीत वंशावरून माणसाला नाकारायचं नाही, असा तो आदेश. इकडे युद्धासाठी विमानं हवी होती आणि हिशोबाला माणसं कमी पडत होती. 1943 मध्ये लँग्लीने काळ्या बायकांना घ्यायला सुरुवात केली. बसवलं मात्र वेगळं, आवाराच्या पश्चिम भागात. त्यामुळे त्यांचं नाव पडलं ‘वेस्ट कॉम्प्युटर्स’. काम तेच, आकडे तेच, दालन वेगळं.

जेवणाच्या हॉलमध्येही त्यांच्यासाठी मागचं एक टेबल ठरवून दिलेलं आणि त्यावर पाटी, ‘काळ्या कॉम्प्युटर्स’. या पहिल्या तुकडीत मिरियम मॅन नावाच्या बाई होत्या. अंगाने लहानखुऱ्या. रसायनशास्त्र शिकलेल्या. एक दिवस त्यांनी ती पाटी उचलली आणि आपल्या पर्समध्ये टाकली. दुसरी पाटी आली. तीही पर्समध्ये गेली. नवरा म्हणे, तुला कामावरून काढून टाकतील. बाईंनी ऐकलं नाही. पाट्या येत राहिल्या, पर्समध्ये जात राहिल्या, आणि एक दिवस पाटी यायची बंद झाली. ना भाषण, ना घोषणा. ही हकिगत पुढे त्यांच्या मुलीने सांगितली.

आता तीन बायकांची नीट ओळख करून घेऊ. तिघीही आधी शाळेत शिकवायच्या, म्हणून आपल्या पद्धतीने त्यांना ‘बाई’च म्हणू.

पहिल्या डोरोथी व्हॉनबाई. जन्म 1910 चा. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी गणितात पदवी. व्हर्जिनियातल्या फार्मव्हिल गावी काळ्या मुलांच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या. काळ्या शिक्षकांना पगार इतका कमी की 1943 च्या सुट्टीत त्यांनी सैन्याच्या छावणीतल्या धुलाईघरात काम धरलं, तासाला 40 सेंट मजुरीवर. पदवीधर गणित शिक्षिका सैनिकांचे कपडे धुण्याच्या कामाला जात होती. त्याच वर्षी त्यांनी लँग्लीचा अर्ज भरला आणि डिसेंबरमध्ये रुजू झाल्या. शिक्षिकेच्या पगाराच्या दुपटीहून जास्त पगार. घरी चार मुलं होती. ती सासरच्या माणसांकडे ठेवून बाई एकट्या बसने हॅम्प्टनला आल्या. युद्ध संपेपर्यंतचीच ही नोकरी, असं तेव्हा वाटत होतं. ती 28 वर्षं चालली.

त्यांच्या विभागाची प्रमुख गोरी बाई असायची. 1949 मध्ये ती जागा रिकामी झाली तेव्हा व्हॉनबाईंना आधी तात्पुरतं आणि मग कायम प्रमुख नेमलं. त्या संस्थेत काळ्या माणसाने प्रमुख होण्याची ही पहिलीच वेळ. कुणाला कोणतं काम द्यायचं, कुणाला बढती मिळायला हवी, हे त्या भांडून मांडायच्या, आणि गोऱ्या मुलींसाठीही शब्द टाकायच्या. अभियंते अवघड काम घेऊन त्यांच्याकडेच यायचे.

आणि मग यंत्रं आली, खरी कॉम्प्युटर यंत्रं. खोली भरून जाईल एवढी मोठी. हिशोब यंत्र करणार म्हटल्यावर हिशोब करणाऱ्या बायकांचं काय? आज आपल्याकडे मोबाईल ॲपवर गटाची माहिती भरायची वेळ आली, तेव्हा कितीतरी जणी हाच प्रश्न विचारत होत्या. व्हॉनबाईंनी यंत्राशी बोलायची भाषा शिकून घेतली. तिचं नाव फोरट्रान. स्वतः शिकल्या आणि आपल्या बायकांना शिकवली. 1958 मध्ये नासा झाली, वेगळा काळा विभाग मोडला आणि सगळे एकत्र आले. व्हॉनबाई नव्या यंत्र विभागात गेल्या.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, ती बऱ्याचदा गाळली जाते. वेगळेपणा मोडला हे चांगलंच झालं, पण त्याबरोबर व्हॉनबाईंचं प्रमुखपदही गेलं. पुन्हा प्रमुखपद मिळावं अशी त्यांची इच्छा होती, प्रयत्नही होते. ते त्यांना कधीच मिळालं नाही. 1971 मध्ये त्या निवृत्त झाल्या. एकत्र केलं म्हणजे बरोबरीचं केलं, असं आपोआप होत नाही, हे आमचं मत याच हकिगतीवरून पक्कं झालं.

त्यांच्या जुन्या शाळेचंही ऐका. फार्मव्हिलच्या त्या शाळेतल्या मुलांनी 1951 मध्ये संप केला, कारण शाळेची इमारत मोडकी आणि मुलं दाटीवाटीने बसलेली. बार्बरा जॉन्स ही सोळा वर्षांची मुलगी त्या संपाच्या पुढे होती. त्यातून उभा राहिलेला खटला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि 1954 मध्ये न्यायालयाने इतर खटल्यांबरोबर त्याचाही निकाल दिला की वेगळ्या शाळा बेकायदा. तिथल्या अधिकाऱ्यांनी काय करावं? काळी-गोरी मुलं शेजारी बसू नयेत म्हणून 1959 मध्ये त्या तालुक्यातल्या सगळ्या सरकारी शाळांनाच कुलूप लावलं. 1964 पर्यंत. पाच वर्षं शाळा बंद! ज्या काळात व्हॉनबाई रॉकेटच्या हिशोबाची भाषा शिकत होत्या, त्याच काळात त्यांच्या गावची मुलं शाळेविना होती.

दुसऱ्या मेरी जॅक्सनबाई. या हॅम्प्टन गावातल्याच. गणित आणि विज्ञानाच्या पदवीधर. 1951 मध्ये व्हॉनबाईंच्या विभागात लागल्या. एकदा त्यांना पूर्व भागात, गोऱ्या बायकांबरोबर कामाला पाठवलं. बाईंनी तिथल्या बायकांना विचारलं, मुतारी कुठे आहे? त्या हसल्या. तुझी मुतारी आम्हाला काय माहीत, असं ते हसणं होतं. काळ्यांची मुतारी त्या भागात नव्हतीच. बाई संतापून परतल्या आणि वाटेत भेटलेल्या झार्नेकी नावाच्या अभियंत्याजवळ त्यांनी सगळं बोलून टाकलं. ते ऐकून घेऊन तो म्हणाला, माझ्याकडे काम करायला ये.

त्याच्याकडे आवाजाच्या जवळजवळ दुप्पट वेगाने वारा सोडणारा बोगदा होता. त्याला 60,000 अश्वशक्ती लागायची. विहिरीवरच्या पाच एचपीच्या बारा हजार मोटारी एकदम सुरू केल्या तर जेवढी होईल तेवढी ताकद. त्यात बाई प्रयोग करायच्या. एकदा एका मोठ्या साहेबांनी त्यांना म्हटलं, तुमचा हिशोब चुकला आहे. बाईंनी मान खाली घातली नाही. दोघांनी मिळून कागद पुन्हा पाहिले. बाईंचा हिशोब बरोबर होता, साहेबांनी करायला दिलेले आकडेच चुकीचे होते. साहेबांनी माफी मागितली. मैत्रिणींनो, बँकेतून आलेल्या कागदावरचं व्याज आपल्या वहीशी जुळत नाही, तेव्हा आपण काय करतो? बहुतेक वेळा आपलंच चुकलं असेल म्हणून गप्प बसतो.

झार्नेकीने बाईंना सांगितलं, तू अभियंता हो. त्यासाठी वरच्या वर्गाचं गणित आणि पदार्थविज्ञान शिकायला हवं होतं. संध्याकाळचे ते वर्ग हॅम्प्टनच्या गोऱ्या मुलांच्या हायस्कूलच्या इमारतीत भरायचे. त्या इमारतीत काळ्या माणसाला प्रवेश नाही. स्वतःच्या गावात, नोकरीच्या कामासाठी, वर्गात बसायला बाईंना नगरपालिकेकडून खास परवानगी घ्यावी लागली. मिळाली. आणि आत जाऊन पाहतात तर काय, आयुष्यभर जिचं दार बंद होतं ती शाळा जुनी, कोंदट आणि पडकी निघाली. वेगळ्या दोन शाळा चालवण्याच्या हट्टापायी गोऱ्यांच्या पोरांनाही धड शाळा मिळालेली नव्हती.

1958 मध्ये जॅक्सनबाई अभियंता झाल्या, नासातल्या पहिल्या काळ्या महिला अभियंता. पुढे बढती मिळाली, पण एका पायरीनंतर सगळं थांबलं. ते पाहून 1979 मध्ये त्यांनी एक गोष्ट केली, ती पुष्कळांना वेडेपणाची वाटेल. त्यांनी अभियंत्याचं पद सोडलं, खालच्या दर्जाचं पद घेतलं आणि संस्थेतल्या बायकांना नोकरीत वर यायला मदत करण्याचं काम हाती घेतलं. कुणाला कोणता वर्ग करायला हवा, कोणत्या पदासाठी अर्ज करायचा, फक्त एका परीक्षेपायी कुणाची बढती अडली आहे, हे बघण्याचं काम. 1985 मध्ये त्या निवृत्त झाल्या. नासाच्या मुख्य कार्यालयाच्या इमारतीला त्यांचं नाव द्यायचं 2020 मध्ये जाहीर झालं. ते पाहायला बाई नव्हत्या. 2005 मध्येच त्या वारल्या होत्या.

तिसऱ्या कॅथरीन जॉन्सनबाई. जन्म 1918, वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या डोंगराळ गावातला. लहानपणापासून मोजायचा नाद. रस्त्यापर्यंतची पावलं मोज, चर्चच्या पायऱ्या मोज, धुतलेली भांडी मोज. त्यांच्या भागात काळ्या मुलांना आठवीपुढे शाळाच नव्हती. वडील शेतीबरोबर मिळेल ते काम करणारे, पण जिद्दीचे. जवळजवळ 190 किलोमीटरवर काळ्या मुलांचं हायस्कूल आणि कॉलेज होतं. शाळेचे महिने बायको-मुलांना तिथे भाड्याच्या घरात ठेवायचं आणि आपण गावी राहून कमवायचं, असं त्यांनी वर्षानुवर्षं केलं. मुलगी चौदाव्या वर्षी शाळा संपवून बाहेर पडली आणि अठराव्या वर्षी पदवीधर झाली. कॉलेजात क्लेटर नावाचे गणिताचे एक शिक्षक होते. त्यांनी अंतराळातल्या भूमितीचा एक वर्ग खास या एका विद्यार्थिनीसाठी सुरू केला. पुढे उपयोगी पडली ती हीच भूमिती.

लग्न, तीन मुली, शिक्षिकेची नोकरी असं करत बाई 1953 मध्ये लँग्लीत आल्या. व्हॉनबाईंनी दोनच आठवड्यांत त्यांना उड्डाण संशोधनाच्या विभागात पाठवलं. काम तात्पुरतं होतं, पण तिथल्यांनी त्यांना परत जाऊच दिलं नाही. 1956 मध्ये नवरा मेंदूच्या गाठीने गेला. पदरात तीन मुली. बाई कामावर येत राहिल्या. पुढे 1959 मध्ये त्यांनी दुसरं लग्न केलं.

त्या विभागात अभियंत्यांच्या बैठका व्हायच्या. कुणाचा अहवाल छापायचा, त्यात काय चुकलं, हे त्या बैठकीत ठरे. बाई आकडे करून द्यायच्या आणि बैठक दाराआड चालायची. बाईंनी विचारलं, मी येऊ का? उत्तर आलं, मुली बैठकीला बसत नाहीत. बाईंनी विचारलं, तसा काही कायदा आहे का? कायदा काही नव्हता. नुसती वहिवाट होती. विचारत राहिल्या, विचारत राहिल्या, शेवटी घेतलं त्यांना आत.

त्या बैठकीत बसल्याने काय मिळालं ते सांगतो. त्या सुमाराला रशियाने अंतराळात उपग्रह सोडला होता आणि अमेरिकेला माणूस पाठवायची घाई झाली होती. माणूस वर पाठवणं एक, तो सुखरूप उतरवणं दुसरं. उतरणार समुद्रात, आणि कुठे उतरणार हे आधी ठाऊक हवं, म्हणजे जहाजं तिथे जाऊन थांबतील. आता कल्पना करा, जत्रेतल्या गोल फिरणाऱ्या पाळण्यावर ठेवलेल्या टोपलीत तुम्हाला लिंबू टाकायचं आहे. टोपली आत्ता जिथे दिसते तिथे नेम धरून चालत नाही. लिंबू पोचेल तेव्हा टोपली कुठे असेल, तिथे नेम धरावा लागतो. पृथ्वीचंही तसंच. ती तासाला 15 अंश फिरते. यानाला पृथ्वीभोवती एक फेरी मारायला साधारण दीड तास लागतो, तेवढ्या वेळात खालची जमीन बावीस अंशांच्या आसपास सरकलेली असते. त्यात पृथ्वी चेंडूसारखी नेमकी गोल नाही, मध्याला जराशी फुगीर आहे, तेही हिशोबात धरायचं.

जॉन्सनबाईंनी हिशोब उलटा धरला. कुठे उतरायचं ते तुम्ही सांगा, मग कुठून आणि कोणत्या दिशेने सोडायचं ते मी सांगते. रॉकेटचं इंधन संपतं त्या क्षणी यानाची दिशा किती अंशांत असायला हवी, म्हणजे ते आपल्याला हव्या त्या ठिकाणावर येईल, याची सगळी सूत्रं त्यांनी मांडली. त्या कामातला सहकारी अभियंता टेड स्कोपिन्स्की दुसऱ्या कामावर निघाला होता. वरिष्ठांना अहवाल लवकर हवा होता. स्कोपिन्स्की म्हणाला, कॅथरीनच पुरा करू दे, बहुतेक काम तिनेच केलेलं आहे. 1960 मध्ये अहवाल छापून आला आणि त्यावर दोन नावं होती, त्यांत एक बाईंचं. त्या विभागात अहवालावर लेखक म्हणून बाईचं नाव येण्याची ही पहिली वेळ. त्याआधी कितीतरी अहवालांच्या पोटात बायकांचे आकडे होते आणि वर नाव फक्त पुरुषांचं.

1961 मध्ये ॲलन शेपर्ड हा अमेरिकेचा पहिला माणूस अंतराळात जाऊन आला, त्याच्या मार्गाचा हिशोब जॉन्सनबाईंनी केला. पुढच्या वर्षी जॉन ग्लेनला पृथ्वीभोवती फेऱ्या मारायच्या होत्या. हा हिशोब फार किचकट, म्हणून तो यंत्रावर केला होता. पण तेव्हाची यंत्रं मध्येच बंद पडायची आणि त्यांच्यावर कुणाचा पुरता भरवसा नव्हता. जीव ग्लेनचा जाणार होता. तो म्हणाला, त्या मुलीला आकडे तपासायला सांगा, ती म्हणाली बरोबर आहेत तर मी जायला तयार आहे. ती ‘मुलगी’ तेव्हा 43 वर्षांची होती, तीन मुलींची आई! असो, भरवसा मात्र खरा होता. बाईंनी टेबलावरच्या साध्या आकडेमोडीच्या यंत्रावर तेच सगळे आकडे हाताने पुन्हा केले. दीड दिवस लागला. आपण शाळेत गुणाकाराचा ताळा करून बघायचो, तसा हा ताळा. जुळला. 20 फेब्रुवारी 1962 ला ग्लेन वर गेला, तीन फेऱ्या मारल्या आणि पाच तासांच्या आत अटलांटिक महासागरात सुखरूप उतरला. वर्तमानपत्रांत त्याचे फोटो आले, मिरवणुका निघाल्या. जॉन्सनबाईंचं नाव देशाला कळायला अजून पन्नासेक वर्षं लागायची होती. 2015 मध्ये, वयाच्या 97 व्या वर्षी, त्यांना अमेरिकेतला सर्वांत मोठा नागरी सन्मान मिळाला. 2020 मध्ये त्या वारल्या, तेव्हा वय 101.

या बायांवर सिनेमाही निघाला आहे, ‘हिडन फिगर्स’. फिगर म्हणजे आकडा आणि फिगर म्हणजे व्यक्तीसुद्धा, असा त्या नावात दुहेरी अर्थ आहे. जमलं तर जरूर पाहा. मात्र त्यात एक प्रसंग आहे, गोरा साहेब हातोडा घेऊन ‘काळ्यांची मुतारी’ ही पाटी फोडतो. लोक टाळ्या वाजवतात. तो प्रसंग बनवलेला आहे. लांबच्या मुतारीपर्यंत धावण्याचे हालही सिनेमात जॉन्सनबाईंच्या वाट्याला दाखवले आहेत. प्रत्यक्षात त्या पाटी नसलेली जवळची मुतारी सरळ वापरायच्या. अपमान झाला तो जॅक्सनबाईंचा. आणि जेवणाच्या टेबलावरची पाटी काढणारा हात साहेबाचा नव्हता. तो मिरियम मॅनबाईंचा होता, हातोड्याशिवायचा. आम्हाला सिनेमापेक्षा ती पर्स जास्त आवडते.

या बायांच्या पाठोपाठ आलेल्या क्रिस्टीन डार्डनबाईंचंही थोडं सांगतो. त्या 1967 मध्ये नासात कॉम्प्युटर म्हणूनच लागल्या. गणितात पदव्युत्तर शिक्षण झालेलं. काही वर्षांनी त्या थेट वरच्या साहेबाकडे गेल्या आणि विचारलं, माझ्याइतकंच शिकलेले पुरुष अभियंता होतात आणि बायकांना हिशोबाला बसवतात, ते का? साहेब म्हणाला, हा प्रश्न मला आजवर कुणी विचारलाच नव्हता. थोड्याच दिवसांत त्यांची बदली अभियंत्यांत झाली. आवाजापेक्षा वेगवान विमान गेलं की जो स्फोटासारखा दणका बसतो, तो कमी कसा करायचा, यावर त्यांनी पुढे पंचवीस वर्षं काम केलं आणि नोकरी सांभाळत 1983 मध्ये डॉक्टरेट मिळवली.

हे सगळं आपल्याला कळलं ते मार्गो ली शेटर्ली या लेखिकेमुळे. त्या हॅम्प्टनच्याच, वडील लँग्लीत वैज्ञानिक. लहानपणी आजूबाजूला या बायका दिसायच्या, चर्चमध्ये, शेजारात, त्यामुळे त्यांना त्यात काही नवल वाटलं नव्हतं. मोठेपणी त्यांनी शोध घेतला. नोकरीची जुनी कागदपत्रं, संस्थेचं वार्तापत्र, अहवालांच्या कोपऱ्यातली नावं, म्हाताऱ्या झालेल्या बायकांच्या मुलाखती, असं करत 2016 मध्ये पुस्तक आलं. जवळजवळ पन्नास काळ्या बायकांची नावं त्यांच्या हाती लागली. 2019 मध्ये अमेरिकेच्या संसदेने सुवर्णपदकं जाहीर केली, व्हॉनबाई, जॅक्सनबाई, जॉन्सनबाई आणि डार्डनबाई यांच्या नावाने एकेक. पाचवं पदक 1930 च्या दशकापासून 1970 च्या दशकापर्यंत तिथे हिशोब केलेल्या सगळ्या बायकांसाठी होतं, काळ्या आणि गोऱ्या दोन्ही. त्यांतल्या कितीतरी जणींचं नाव कुठल्याच अहवालावर नाही.